पंधरावी चिठ्ठी

...नाई, पन मी म्हनतो, भुतानं धराचं त मानसाले धरावं, कागदाले कायले धरावं? अन् धराचाच होता कागद, त मंग साऱ्या अकोल्यात आमच्याच कचेरीचा सापडला का त्याले? हसू नका राजेहो! तुमी हसले म्हंजे मले वाटते, तुमाले खोटं वाटून राह्यलं. अन् मी तुमाले सांगून राह्यलो ते भर दुपारचं हाये, उनाचे दिवस, खिडकीच्या वाळ्याच्या टट्ट्यावर पानी मारलेलं, चार कारकून चार टेबलावर जागे... जागे म्हंजे डोळे उघडे... अन् त्या चौघाइच्या मधून एक नाव उठून चालत गेलं. माह्यं नाव! चोरी नाई, आग नाई, कागद खानारी उधई नाई. सोमवारी लिवलं, शनवारी गायब! आता कोनाले सांगाचं? फौजदाराले सांगाचं का, का साहेब, माह्यं नाव पळून गेलं?

आता तुमी म्हनान, असं कोनतं मोठं नाव होतं बाप्पा! काई मोठं नव्हतं. डोमाजी. माह्या आधी मायले दोन पोरं झाले अन् दोनी पाळन्यातच गेले. म्हनून मी झालो तवा मायनं, मनकर्णाबाईनं, मुद्दाम हलकं नाव ठेवलं. रीतच होती तशी. मरन दारात आलं अन् त्यानं इचारलं, 'घरात कोन हाये?' त सांगाचं, 'डोमा हाये, काई कामाचा नाई, जाय तू पुढं.' अन् गेलं न मरन पुढं! मी जगलो, मॅट्रिक झालो, कचेरीत रेकॉर्डवर लागलो. रोज सकाळी नत्थुजी चपराशी हजेरीचं बुक धरून आवाज द्यायचा, 'डोमाऽऽजी!' अन् मी म्हनाचो, 'हाजीर.' तेरा वर्षं.

मंग छप्पनच्या दसऱ्याले आमचं सारं घर नागपूरले गेलं अन् बौद्ध होऊन वापस आलं. येतानी गाडीत पाय ठेवाले जागा नाई, माय संडासाच्या दारापाशी पेटीवर बसलेली, अन् तिथूनच मले म्हने, 'आता कोनाले भ्याचं काम नाई. आता तुह्यं नाव मी माह्या मनानं ठेवतो. धर्मपाल.' चौतीस वर्षाच्या मानसाचं बारसं, तेबी थर्ड क्लासच्या डब्यात! साऱ्या डब्यानं टाळ्या वाजवल्या. मी रडलो, खोटं कायले बोलू. पन माय लय पक्की. म्हने, 'घरात त मी म्हनीनच. पन कचेरीत तो चपराशी जवा धर्मपाल म्हनून आवाज देईन, अन् मी सोताच्या कानानं आयकीन, तवा मी समजीन का जुनं नाव गेलं.'

बस, एवढंच पायजे होतं राजेहो. मायच्या कानावर एक आवाज. साधं काम! दिला अर्ज.

आता आमची कचेरी कशी होती ते आयका. आमच्या खोलीत चार टेबलं. पहिल्यावर केशवराव, त्याइच्याजवळ मोठं बुक, ज्यात साऱ्या नोकराइची नोंद, कुलुपात. दुसऱ्यावर पंजाबराव, हजेरीचं बुक. तिसऱ्यावर खुशालराव, रजेचं. चौथ्यावर मी, रेकॉर्डची यादी अन् माह्या मागं ही एवढाली कपाटं. वऱ्हाड तवा नागपूरच्या राज्यातून निघून मुंबईच्या राज्यात गेलं होतं, पन नव्या राज्याचं नियमाचं पुस्तक काई आलं नव्हतं. जुनंच चालू, लाल कापडाच्या बांधनीचं, इंग्रजाच्या काळातलं. अन् त्यातला साऱ्यात मोठा नियम काय? बुकाले हात लागला, का चिठ्ठी निघाली! म्हंजे मी माह्या बुकात काई बदललं, त बाजूच्या टेबलाले चिठ्ठी लिवाची, का बावा, अमक्या नंबरची नोंद बदलली. चिठ्ठीवर नाव नाई लिवाचं, नुसता नंबर. मंग बाजूवाल्यानं आपल्या बुकात चिठ्ठी आल्याचं लिवाचं. आता त्यानं लिवलं, म्हंजे त्याच्याबी बुकाले हात लागला का नाई? मंग त्यानं त्याच्या बाजूवाल्याले चिठ्ठी! दिवसाच्या दीडदोनशे चिठ्ठ्या. कोनी कोनाशी बोलेच ना. नुसता टाकाचा आवाज... खर्रर्र... खर्रर्र... अन् मधात टोपलीत चिठ्ठी पडली का टप्प.

पन आजपावेतो काई बिघडलं नव्हतं. कोनाची रजा मांडली त दोन टेबलात काम खलास, बदली झाली त तीन टेबलात. नावाची चिठ्ठी मात्र चारी टेबलं फिरते! अन् चौथ्या टेबलानं, म्हंजे मी, पुन्हा पहिल्याले कळवाचं असते, का मोठ्या बुकाशी ताडून पाहा. त्या कचेरीत आजवर कोनी नावच बदललं नव्हतं हो! बदलनार कोन? ज्याइची नावं चांगली, त्याइले कायले पायजे? पहिला मीच.

सोमवारी साहेबानं हुकूम दिला. केशवरावनं मोठं बुक काढलं, चष्मा पुसला, जुनं नाव खोडून नवं लिवलं, अन् पंजाबरावले चिठ्ठी. मंगळवारी सकाळी नत्थुजीनं आवाज दिला, 'धर्मऽऽपाल!' राजेहो, मले हाजीर म्हनाचं सुचेच ना. पंजाबराव म्हने, 'अबे हाजीर म्हन, न्हाईत गैरहजर लावतो!' घरी येऊन मायले सांगतलं. माय म्हने, 'येत्या सोमवारी येतो.'

आली. धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, कचेरीच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली येऊन बसली. मी खिडकीतून तिले पाहून राह्यलो, ती मले पाहून राह्यली. नत्थुजीनं बुक उघडलं. केशवराव... हाजीर. पंजाबराव... हाजीर. खुशालराव... हाजीर. अन् मंग...

'डोमाऽऽजी!'

अन् तुमाले सांगतो, मी तोंड उघडलं नव्हतं. मायची आन, ओठाले ओठ चिपकलेले होते माह्ये! पन त्या खोलीत कोनीतरी म्हनलं, 'हाजीर.' आवाज माह्याच. कपाटाकडून आला. नत्थुजीनं बुकात हजेरी मांडली अन् पुढं गेला. मी खिडकीतून पाह्यलं, त माय उठली, लुगड्याची माती झटकली अन् पानीबी न पेता चालती झाली.

मी धावलो पंजाबरावकडे. काहो, हे काय? त पंजाबराव म्हने, 'मले काय इचारतं? चिठ्ठी आली, लिवलं.' खुशालराव म्हने, 'चिठ्ठी आली, लिवलं.' केशवराव मोठं मानूस, देवभोळं. त्याइनं मोठं बुक उघडलं अन् पाहातच राह्यले. नवं नाव खोडलेलं. त्याच्यावर जुनं नाव. त्याइच्याच अक्षरात! 'डोमाजी, हात माह्याच हाये,' म्हने, 'पन मले याद नाई बावा. चिठ्ठी आली असन.' कोनती चिठ्ठी? कोनाची? कोनाले याद नाई! बुकाले हात लागला, का चिठ्ठी निघाली, अन् निघाली त निघाली!

गेलो साहेबाकडे. साहेब नवे, पुण्याकडचे, बोलनं असं का जसं पाटीवर कोरून राह्यले. 'अहो, असं कसं होईल? नाव म्हणजे काय पाखरू आहे का उडून जायला? मी पुन्हा हुकूम देतो. तुमचं काम झालंच समजा.' झालं न! सोमवारी झालं, शनवारी गेलं! तेच खोडलेलं, तेच अक्षर, अन् तीच चौघाइची तोंडं, का आमाले काईच ठावूक नाई. आता कचेरीत कोनी माह्या टेबलाजवळ येईना. नत्थुजी चहा दुरूनच सरकवे. एक दिवस हळूच म्हने, 'धर्मपालभौ, वाईट नका वाटू देऊ, पन ते नाव तुमाले सोडाले तयार नाई. त्याचं साक्षात मरनाशी बोलनं झालेलं हाये.'

मी हसलो त्याच्यावर. घरी येऊन मायले सांगतलं, वाटलं तीबी हसन. माय चुलीपाशी भाकर थापून राह्यली होती, तिचा हात थांबला. म्हने, 'मीच सांगतलं होतं मरनाले तुह्यं नाव. त्यानं लिवून ठेवलं असन कुठी.' अन् तव्यावरची भाकर जळून गेली, तरी कोनी काढली नाई. मले तवा पह्यल्यांदा भेव वाटलं राजेहो. नावाचं नाई, मायच्या तोंडाचं.

तिसऱ्यांदा हुकूम झाला तवा मी ठरवलं, पहारा द्याचा. आता कोन येते ते पाहूच! सोमवारपासून मी नजर हालवली नाई. डाव्या हातानं पानी पेलो. माह्यं काम चालूच, चिठ्ठ्या येऊन राह्यल्या, मी लिवून राह्यलो, पन डोळे समोर. केशवरावच्या बोटावर डोळे, पंजाबरावच्या टाकावर डोळे, खुशालराव खाकरले तरी मी दचको. मंगळवार, बुधवार... काईच नाई. भर दुपारी सारे गप, टट्ट्याचं पानी ठिबकून राह्यलं, खर्रर्र... टप्प. खर्रर्र... टप्प. मले वाटे, इथं मानसं नाईतच, नुसते हात हायेत चार. शनवारी दुपारी पंजाबरावनं हजेरीचं बुक ओढलं अन् लिवाले लागला. मी झडप घातली! 'काय लिवून राह्यला?' पंजाबराव घाबरला, म्हने, 'चिठ्ठी आली!' दोघंबी केशवरावकडे धावलो. त्याइच्या टेबलावर मोठं बुक उघडं, शाई ओली, अन् जुनं नाव वापस आलेलं. बाजूले चिठ्ठी. नोंद नंबर २१७, पूर्ववत करावी. चिठ्ठी नंबर सोळा.

अन् अक्षर?

अक्षर माह्यं हो! माह्यं सोताचं! खाली माह्या सहीचा फाटा!

 मंग मी माह्या मागचं कपाट उघडलं, कारन जुन्या चिठ्ठ्याइचे गठ्ठे रेकॉर्डलेच येतात, म्हंजे माह्याचकडे. पहिल्या वेळची सोळावी काढली. माह्यं अक्षर. दुसऱ्या वेळची काढली. माह्यं अक्षर. तीन हप्ते ज्या चोराले मी शोधून राह्यलो होतो, तो माह्याच खुर्चीत बसून, माह्याच टाकानं लिवून राह्यला होता. अन् मी पहारा देत होतो समोर!

केशवरावनं मंग लाल पुस्तक उघडलं अन् शेवटचं कलम वाचून दाखोलं. कोनतंबी बुक सोताले चिठ्ठी लिवू शकत नाई. बरोबर. पन चार घरं फिरून आपल्याच दारात आलेली चिठ्ठी चालते! तिले कोनी ना म्हनलंच नाई. चौथ्यानं पहिल्याले कळवलं, पहिल्याच्या बुकाले हात लागला, का चिठ्ठी निघाली दुसऱ्याले, मंग पुन्हा तिसऱ्याले, मंग पुन्हा मले... गोल गोल, घानीच्या बैलावानी. अन् म्हनून खाली लिवलेलं, का फिरता फिरता सोळावी चिठ्ठी निघाली, त समजावं का मुळातच चूक झाली. जो सोळावी लिवीन त्यानं 'पूर्ववत करावी' एवढंच लिवावं, अन् मंग साऱ्याइनं आपापलं असं खोडावं का जसं काई झालंच नव्हतं. आता मोजा. पहिली चिठ्ठी पंजाबरावले, दुसरी खुशालरावले, तिसरी मले, चौथी केशवरावले... मोजत मोजत या. पंधरावी येते ती माह्या टेबलावर. सोळावी लिवाची ती मी. दर वेळी मीच! हे कलम मी खात्याच्या परीक्षेले पाठ केलं होतं, तेरा वर्षांआधी. मी विसरलो, हात नाई विसरला. अन् २१७ म्हंजे मी, हे मले कोनी कधी सांगतलंच नव्हतं. मोठं बुक कुलुपात!

'म्हंजे भूत नाई,' मी म्हनलं. केशवराव चष्मा काढून म्हने, 'मंग हे काय हाये, धर्मपाल?' 

चौथ्यांदा हुकूम घेतला. साहेब वैतागले, 'अहो, किती वेळा तुमचं नाव लिहायचं आम्ही?' म्हनलं, साहेब, शेवटचं. केशवरावनं लिवलं. चिठ्ठ्या निघाल्या. मी उजव्या हाताले रुमाल बांधून बसलो. तिसरी आली, पुढं ढकलली. सातवी आली, ढकलली. अकरावी. अन् शनवारी दुपारी टप्पकन् पंधरावी आली. नोंद नंबर २१७. मी ती घेतली, टेबलावर ठेवली, तिच्यावर हा एवढा दगड ठेवला, अन् हात मांडीखाली दाबून पाच वाजेपावेतो बसून राह्यलो. सोळावी निघालीच नाई.

सोमवारी माय आली. लिंबाखाली बसली. नत्थुजीनं आवाज दिला, अन् मुद्दाम खिडकीकडे तोंड करून दिला बिचाऱ्यानं, 'धर्मऽऽऽपाल!' मायनं पदर तोंडाले लावला, अन् तिचे खांदे हालले. तवापासून दर सोमवारी येते. आयकते, जाते.

झालं म्हनता? कायचं झालं! ती पंधरावी चिठ्ठी बाकी हाये तवापावेतोच मी धर्मपाल. मी एक दिवस रजा घेतली, त माह्या जागेवर दुसरा बसन, टेबल साफ करन, चिठ्ठी दिसन, बुकाले हात लागन, का चिठ्ठी निघाली! संपलो मी! मले हिवताप आला, त मी घोंगडं पांघरून कचेरीत थरथरलो. साळ्याच्या लग्नाले अकोटले गेलो रविवारी, त फुलं टाकली अन् त्याच यष्टीनं वापस. पंक्तीत बसलो नाई. सासरा आजपावेतो बोलत नाई माह्याशी! अन् तुमाले एक सांगू? हे मायलेबी सांगतलं नाई मी. दुपारी कधी कधी डोळा लागते. जाग येते त टाक माह्या हातात असते. शाईत बुडवलेला. कोनी देल्ला? अन् सकाळी नत्थुजी आवाज देते, 'धर्मपाल!' मी म्हनतो, 'हाजीर.' अन् त्याच्या मागून, कपाटाकडून, हळूच आनखी एक... 'हाजीर.' सारे आयकतात. कोनी मान वर करत नाई.

मंग साठ साली आपलं राज्य झालं अन् नवं पुस्तक आलं! नवं कोरं, पिवळ्या पुठ्ठ्याचं. त्यात लिवलेलं, का चिठ्ठी फिरून आपल्याच दारात आली त तिथंच थांबवावी, पुढं लिवू नये. बस! एवढी एक ओळ जुन्या पुस्तकात असती त माह्ये केस नसते पिकले! पुंजाजी म्हनून एक होता बाजूच्या खोलीत आवकजावकवर, त्यानं नाव बदलाचा अर्ज देल्ला, अन् चहा थंडा व्हायच्या आत पुंजाजीचा आनंद झाला. मी धावत गेलो, केशवराव, माह्यंबी करा! केशवरावनं पुस्तकाचं शेवटचं पान काढलं अन् माह्यापुढं धरलं. या पुस्तकाच्या आधी सुरू झालेली कामं जुन्याच पुस्तकाप्रमानं पुरी करावी. म्हनलं, मंग नवा अर्ज देतो. त म्हने, 'जुनं काम बाकी असल्यावर नवा अर्ज घेता येत नाई.' म्हनलं, मंग जुनं पुरं कसं कराचं? केशवरावनं माह्या टेबलावरच्या दगडाकडे बोट दाखोलं. जुनं पुरं कराचं म्हंजे सोळावी लिवाची!

अन् आता हे औंदाचं. माह्यं प्रमोशन आलं, अमरावतीले, हेडक्लार्क! साऱ्या कचेरीनं हार आनला. पन इथला चार्ज द्याचा म्हंजे टेबल साफ करून द्याचं. मी मायले म्हनलं, माय, मोठी जागा हाये, खुर्चीले हात हायेत दोनी बाजूनं. माय आता म्हातारी झाली, डोळ्याले कमी दिसते. म्हने, 'अमरावतीले हेडक्लार्क कोन व्हईन?' मंग सोताच म्हने, 'डोमा व्हईन. त्याच्यासाठी मी लिंबाखाली बसलो का पाच वर्षं?' मले लय वाटलं होतं हो त्या खुर्चीचं. रातभर कूस बदलत राह्यलो अन् सकाळी लिवून देल्लं, का प्रमोशन नको. कारन काय लिवावं? लिवलं, 'एक काम बाकी आहे.'

आताचे साहेब तरनेताठे. उठून थेट माह्या टेबलाशी आले. 'कोणतं काम बाकी आहे?' म्हने. मी दगड उचलला. त्याइनं चिठ्ठी पाह्यली, तारीख पाह्यली, सत्तावन साल. दोन बोटानं उचलून नाकाशी नेली, अन् बोटाले शाई लागली. पाच वर्षाची शाई, राजेहो! त्याइनं ती रुमालाले पुसली, चिठ्ठी होती तशी ठेवली, वर दगडबी सोताच ठेवला, अन् गेले. संध्याकाळी नत्थुजीनं लखोटा आनून देल्ला. सरकारी मेमो.

घरी नेला. माय म्हने, 'काय लिवलं? वाच.' वाचला. 'श्री. धर्मपाल यांस. आपल्या टेबलावर एक चिठ्ठी पाच वर्षांपासून पडून आहे. आपण अत्यंत आळशी व कामचुकार असून, आपणांस यापुढे कधीही बढती मिळणार नाही.' वाचून मी खाली मान घालून बसलो. सतरा-अठरा वर्षाची नोकरी, अन् हे बक्षीस!

माय जवळ सरकली. बोटानं कागद चाचपून म्हने, 'वरतून वाच पुन्हा. सुरुवात.'

'श्री. धर्मपाल यांस...'

'हां,' माय म्हने, 'एवढंच वाच.'